मसालेभातातलं वांगं

"हे काय घातलंय गं भातात?"

उंब्रजकरांच्या अक्कांनी विचारलं तेव्हा मी विहिणींच्या पंगतीत तुपाचं भांडं घेऊन उभी होते. अक्का म्हणजे नवरदेवाची आजी. पंगतीतलं पहिलं पान त्यांचं, चांदीचं ताट, भोवती महिरप, उदबत्तीचं घर, सगळं साग्रसंगीत. वाढणारी पोरगी वधूपक्षाची, टेंब्यांची पुतणी. ती कौतुकानं म्हणाली, "वांगं आहे आजी. खास तुमच्यासाठी."

अक्कांचा हात थांबला. तोंडातला घास त्यांनी पदराआड डाव्या हातावर काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि त्या उठल्या. त्या उठल्या म्हणून त्यांची सून उठली, सून उठली म्हणून नणंदा उठल्या. बघता बघता जिलब्या तशाच पानात आणि विहिणी ओळीनं हात धुवायला मोरीवर. मला मेलीला काय झालं तेच कळेना.

मग कळलं. उंब्रजकरांचं कुळदैवत पालीचा खंडोबा. त्यांच्याकडे चातुर्मास बसला की वांगं बंद, ते थेट चंपाषष्ठीला देवाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवल्यावर खायचं. लग्न होतं तुळशीचं लग्न झाल्यावरच्या पहिल्या मुहूर्तावर. चंपाषष्ठी अजून पुढे होती. अक्कांनी उभ्या जन्मात हा नेम मोडला नव्हता, तो आम्ही कऱ्हाडात, भर पंगतीत, तूप वाढून मोडवला.

आमची कोकणातली घरं. लग्नाचा स्वयंपाक करणारे आम्ही रिसबूड काय आणि वधूकडचे टेंबे काय, आमच्या मसालेभातात तोंडलीच असायची. आणि त्या दिवशीही तोंडलीच पडणार होती. मी स्वतः कोठीतून काढून दिली होती. सकाळी चुलाणावर पातेलं चढायच्या आत टेंबेसाहेब स्वयंपाकघरात आले. नवीन धोतर, कपाळाला गंध, लेकीच्या लग्नाचा आनंद नुसता ओसंडत होता. मला म्हणाले, "कुमुदताई, ती तोंडली राहू द्या. वांगी घाला."

"अहो, चिरून झाली साहेब."

"असू देत. जावईबापू परवा बोलता बोलता म्हणाले, आमच्याकडे वांगीभात म्हणजे जीव की प्राण. विहिणींना जरा कळू दे, टेंब्यांनी त्यांची आवड लक्षात ठेवली ते."

माझे थोरले दीर अण्णा शेजारीच जिलबीचा पाक बघत होते. तेही म्हणाले, "साहेब म्हणतायत तर घाल की." मी माणूस पाठवून मंडईतून वांगी आणवली. हे सगळं मी का सांगतेय ते पुढे कळेल.

पंगत मोडल्यावर टेंबेसाहेब व्याह्यांना, म्हणजे नानासाहेब उंब्रजकरांना, घेऊनच स्वयंपाकघरात आले. चेहरा लालबुंद.

"कोणी घातलं वांगं? अण्णा, मी विचारतोय, कोणी घातलं?"

मी अण्णांकडे बघितलं. म्हटलं, आता बोलतील. निदान म्हणतील की साहेब, जरा बाजूला या. अण्णांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "चूक झाली साहेब."

"चूक? माझ्या दारात व्याह्यांची आई उपाशी उठली आणि तुम्ही चूक म्हणता? वीस वर्षं डोक्यावर घेतलं तुम्हाला, त्याचे हे पांग फेडलेत?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णांनी मला डोळ्यांनीच दटावलं. नानासाहेब नाकाला रुमाल लावून उभे होते, जणू आमच्या स्वयंपाकघराचा वासही त्यांना नको होता.

घरी आल्यावर मी अण्णांना धारेवर धरलं. "तुमच्या देखत सांगितलं ना त्यांनी? मग गप्प का बसलात?"

"मांडवात गिऱ्हाइकाला खोटं पाडायचं नसतं, कुमुद."

"आणि गिऱ्हाइकानं आपल्याला पाडलं ते?"

"ते सोसायचं असतं. धंदा आहे हा."

धंदा! धंदा काय असतो ते मला शिकवत होते. 'रिसबूड बंधू' ही पाटी ज्या दोघा भावांनी लावली त्यातला धाकटा माझा नवरा, दिगंबर. हाताला चव दिगंबरांची, गोड बोलणं अण्णांचं. सगळं कऱ्हाड जेवायचं ते दिगंबरांच्या हातचं. ते अचानक गेले तेव्हा तेराव्याला अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "दिगूचा अर्धा वाटा कुमुदचा. तिनं कोठी बघावी, मी बाहेरचं बघतो." ते ऐकायला टेंबेसाहेबही होते. कागद काही झाला नाही. घरातल्या घरात कोण कागद करतं? मी कोठीच्या किल्ल्या कमरेला लावल्या आणि कामाला लागले. पगार नाही, हिशेब नाही, जे आहे ते घरचं. मला मूलबाळ नाही. तो अर्धा वाटा आणि रिसबूड हे नाव, एवढंच माझं या जगात होतं. त्याच्यावर मी ताठ मानेनं वावरत होते.

टेंबे मंगल कार्यालय म्हणजे आमचा निम्म्याहून जास्त धंदा. तिथं लग्न ठरलं की स्वयंपाक रिसबुडांचा, हे इतकं ठरलेलं की लोक वेगळं विचारायचेही नाहीत. त्या लग्नानंतर साहेबांनी सरळ कोल्हापूरचे लोक आणले. आमच्याकडे नोंदवलेल्या तारखासुद्धा फिरवल्या. अण्णा त्यांच्याकडे खेटे घालायला लागले. कधी साहेब पूजेत असायचे, कधी झोपलेले, कधी नुकतेच बाहेर पडलेले. अण्णा त्यांच्या पायरीवर बसून परत यायचे. एकदा दिवाळीसारखा फराळाचा डबा करून नेला, तोही गड्याच्या हाती परत आला. जाऊबाई रडायच्या. वाढपी आणि पोळ्या लाटणाऱ्या बायका रोज विचारायच्या, काम कधी. त्यांना काय सांगायचं?

आणि एके दिवशी दुपारी टेंबेसाहेब स्वतःच आमच्या दारात.

खरं सांगते, माणूस ओळखू येईना. चेहरा पार उतरलेला. पाणीसुद्धा घेतलं नाही. अण्णांशी न बोलता माझ्याकडे वळून म्हणाले, "कुमुदताई, माझ्यावर एक उपकार करा."

"काय झालं?"

"मेधाला सासरी रोज ऐकावं लागतंय. वाढताना कुणी ना कुणी म्हणतंच, बघ बाई, यात वांगं नाही ना. नानासाहेब तर तोंडावर म्हणाले, तुझ्या बापानं माझ्या आईचा नेम मोडला. पोरगी फोनवर नुसती रडते."

मेधा माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. कार्यालयात काही असलं की कोठीत येऊन बसायची, बेदाणे खात. कुमुदकाकू, कुमुदकाकू करत पदर धरून फिरायची. तिचं ऐकून मला कसंतरीच झालं.

"मग मी काय करू?"

"साताऱ्याला चला माझ्याबरोबर. अक्कांना सांगा की कोठीतून चुकून वांगी गेली. तुमच्या हातून झालं असं म्हणा."

"आणि तुमच्या हातून झालं असं तुम्ही का म्हणत नाही?"

अण्णा म्हणाले, "कुमुद!"

"थांबा अण्णा. विचारू द्या मला. साहेब, वांगी घाला म्हणून कोण म्हणालं होतं?"

साहेब म्हणाले, "मी. मी नाही कुठं म्हणतोय? पण आता मी कबूल केलं तर ते म्हणतील, त्या दिवशी आमच्या देखत स्वयंपाक्यांवर ओरडलात ते नाटक होतं. मग मेधाला सगळा जन्म खोटारड्याची लेक म्हणून काढावा लागेल. तुमचं काय, घटकाभराचा प्रश्न आहे."

घटकाभराचा! बोलायला किती सोपं. पण बाप होता हो तो. आणि आमचे अण्णा तर हात जोडूनच उभे. "कार्यालय परत मिळेल," ते मला आत नेऊन म्हणाले. "दहा घरं चालतात आपल्यावर. तुझ्या शब्दानं सगळं सुरळीत होणार असेल तर काय बिघडलं?"

मी रात्रभर कुशीवर कुशी बदलल्या आणि सकाळी अण्णांना सांगितलं, "येते. पण एकटीनं नाक घासायला येणार नाही. रिसबुडांच्या घरातली म्हणून येईन. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं आणि तुम्ही म्हणायचं, की चूक आमच्या घराची झाली. आमच्या घराची. हे कबूल असेल तर चला."

"म्हणजे काय!" अण्णा म्हणाले. "तू काय परकी आहेस?"

साताऱ्याला टेंबेसाहेबांच्या गाडीतून गेलो. मी निळी इरकल नेसले होते, दिगंबरांनी घेतलेली. बरोबर नारळ आणि पेढे घेतले होते.

उंब्रजकरांचं घर ऐसपैस. अक्का खिडकीपाशी खुर्चीत वाती वळत बसल्या होत्या. नानासाहेब पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली ठेवायला बराच वेळ घेतला. मेधा पाण्याचा ट्रे घेऊन आली. मला बघून तिचे डोळे भरले. नवी सून, सासऱ्यांसमोर काय बोलणार?

अक्का मला म्हणाल्या, "बसा बाई. लांबून आलात." किती सरळ माणूस! मला वाटलं, यांच्यासमोर काय वाट्टेल ते कबूल करायला हरकत नाही. मी पुढे होऊन पायांना हात लावला.

"अक्का, त्या दिवशी तुमचा नेम मोडला. कोठी माझ्याकडे असते. वांगी माझ्या हातून गेली. आम्हाला ठाऊक नव्हतं, पण विचारायला हवं होतं. आम्हाला क्षमा करा."

बघा, बोलले मी. मेधाकडे बघून बोलले.

अक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला. "अहो, अजाणता झालं. मी दुसऱ्या दिवशीच उपास करून मोकळी झाले. देव काय माझ्यावर रुसून बसणाराय? हीच सगळी मंडळी धरून बसली आहेत." मी साहेबांकडे बघितलं. त्यांच्या जिवात जीव आला होता. मला वाटलं, झालं, संपलं, सुटली पोरगी. इथं ते खरंच संपायला हवं होतं.

पण नानासाहेबांचं समाधान होईना. चष्मा पुसत ते अण्णांना म्हणाले, "आईचं ठीक आहे हो. माझा प्रश्न वेगळा आहे. रिसबुडांचं नाव आम्ही साताऱ्यापर्यंत ऐकून होतो. वैशाखात माझ्या दोन पुतण्यांची लग्नं आहेत. टेंबे म्हणतात कऱ्हाडला त्यांच्या कार्यालयात करा, तुम्हीच स्वयंपाकाला. पण ज्या घराला कुळधर्म-कुळाचार विचारायची रीत ठाऊक नाही, त्या घरावर दोन लग्नं कशी सोपवायची? चूक कुणाकडूनही होते. पण घरच असं असेल तर?"

मी अण्णांकडे वळले. हीच वेळ होती. चूक आमच्या घराची, पुन्हा होणार नाही, एवढं म्हणायचं होतं. पाठ करून आणलेलं वाक्य होतं ते.

अण्णा हसले. ते त्यांचं गिऱ्हाइकाला दाखवायचं हसू मला चांगलं ठाऊक होतं.

"छे छे नानासाहेब! घरच्या माणसाच्या हातून असं होईल का कधी? ही बाई कामाला आहे आमच्याकडे. नवरा गेला, पाठीमागं कुणी नाही, म्हणून आसरा दिला, कोठीवर ठेवली. तिला कुठलं काय कळणार? आता तुमच्या कार्याला मी जातीनं उभा राहीन."

मी साहेबांकडे बघितलं. दिगंबरांच्या तेराव्याला जेवून गेलेला हा माणूस. ते पंख्याकडे बघत होते. मी मेधाकडे बघितलं. ती दाराशी ट्रे छातीशी धरून उभी होती आणि तिनं डोळे खाली वळवले. त्या खोलीत तीन माणसांना ठाऊक होतं मी कोण ते. तिघांपैकी एकाचंही तोंड उघडलं नाही. आज इतकी वर्षं झाली तरी ती शांतता आठवली की माझ्या अंगाची लाही लाही होते.

नानासाहेब म्हणाले, "अस्सं होय! मग ठीक आहे." इतक्या सहज म्हणाले. त्यांच्या लेखी सगळं जागच्या जागी बसलं होतं.

आणि अक्का, त्या देवमाणूस अक्का, मगाशी मला अहो-जाहो करत होत्या, त्या वातीचा कापूस पिंजत म्हणाल्या, "किती वर्षं आहेस गं यांच्याकडे कामाला?"

त्या 'गं'नं मला भानावर आणलं. कसं कोण जाणे, माझा आवाज अगदी स्वच्छ निघाला.

"आजपासून, अक्का."

"आजपासून? मग लग्नात कशी होतीस?"

अण्णा घाईनं पुढे झुकले. हळू आवाजात, पण मला ऐकू येईल इतपतच हळू, म्हणाले, "नवरा गेल्यापासून जरा असंच बोलते ती. मनावर घेऊ नका."

"अरेरे," अक्का म्हणाल्या. खरोखर हळहळल्या. "मेधा, हिला आत ने. कॉफी दे तिला."

म्हणजे बाहेर तिघांना कपबशीतून कॉफी आली आणि मला आत स्वयंपाकघरात, पाटावर. मेधानं कप पुढे केला आणि तिला रडूच फुटलं. "काकू, मला बोलायचं होतं हो. पण माझी जीभच..."

"काकू म्हणू नकोस," मी म्हणाले. "तुझ्या सासूबाई ऐकतील."

वाईट बोलले मी तिला. पण मी काय दगडाची आहे? तिला माझा राग सोसावा लागला, कारण बाकी दोघांपर्यंत तो पोचणार नव्हता. कॉफी तशीच ठेवून मी उठले.

परतीच्या वाटेवर गाडीत नुसता उत्साह. साहेब पुढच्या सीटवरून वळून म्हणाले, "अण्णा, झालं गेलं विसरून जा. पुढच्या सगळ्या तारखा तुमच्याच. कोल्हापूरवाल्यांना उद्याच कळवतो." अण्णा म्हणाले, "साहेब, आपले संबंध काय आजचे आहेत!" आणि दोघं हसले. वीस वर्षांचा जुना स्नेह परत जुळला म्हणून हसले. मग साहेबांना माझी आठवण झाली. "कुमुदताई, तुमचे उपकार मी विसरणार नाही हो."

"कामाच्या बाईला ताई कशाला म्हणता साहेब," मी म्हणाले. "वळण बिघडेल."

उंब्रज मागं पडल्यावर अण्णा म्हणाले, "अगं, तोंडदेखलं बोलायचं असतं काही काही. तू एवढं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं. घरात तू कोण आहेस ते आपल्याला ठाऊक आहे ना?"

"तुम्हाला आहे का?" मी विचारलं.

त्यावर ते साहेबांना वैशाखातल्या तारखा विचारायला लागले.

घरी जाऊबाईंनी देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी कार्यालयाची चुलाणं पेटली, पोळ्यांच्या बायका आल्या, वाढपी आले. सगळ्यांचे चेहरे फुललेले. एक बाई माझ्या पाया पडली, म्हणाली, "ताई, तुमच्यामुळं चूल पेटली." तिला काय सांगणार? मी कोठी उघडली, डाळ मोजून दिली. काम मला दुसरं येत होतं कुठं? आणि जायचं तरी कुठं होतं?

पण आतून मी धुमसत होते. वाट बघत होते की अण्णा एकदा तरी येतील, एकटे, आणि म्हणतील, कुमुद, चुकलं माझं. बस, तेवढंच. मी लगेच विसरले असते, इतकी मी मूर्ख. आठवडा गेला, दुसरा गेला. अण्णा खुशीत होते. नानासाहेबांच्या पुतण्यांची लग्नं पक्की झाली होती.

मग एक तारीख आली. एक तारखेला अण्णा ओसरीवर टेबल टाकून सगळ्यांचे पगार वाटायचे. बायकांची रांग लागली होती. मी किल्ल्या कमरेच्या काढल्या, खुंटीला अडकवल्या आणि जाऊन रांगेत शेवटी उभी राहिले. म्हटलं, बघू या. मला तिथं बघितलं की मान वर करायची छाती होणार नाही यांची. चार बायकांसमोर मेल्याहून मेल्यासारखं होईल, म्हणतील, अगं वेडी का तू, चल आत.

पुढच्या बायका मागं वळून वळून बघायला लागल्या. माझा नंबर आला. मी हात पुढे केला आणि मोठ्यानं म्हणाले, "अण्णा, माझा पगार."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग खण उघडला. पाकीट तयारच होतं. त्याच्यावर माझं नाव त्यांच्याच अक्षरात घातलेलं. माझ्या आधी त्यांनी ठरवून ठेवलं होतं सगळं.

"घे," ते म्हणाले आणि पावतीचं बुक पुढे सरकवलं. "इथं सही कर."

मी पेन घेतलं. अक्षर नीट काढलं. कुमुद दिगंबर रिसबूड.

अण्णांनी बुक आपल्याकडे फिरवून सही वाचली. टीपकागद लावला. आणि मग, मी शिकाऊ असल्यासारखं, अगदी समजुतीनं म्हणाले, "पुढच्या वेळेपासून नुसतं कुमुदबाई लिहिलंस तरी चालेल."